नवीन लाईनवर वेळेचं गणित कसं बसवायचं? (बेळगाव ते भिवंडी, १२ चाकी)

उद्यमबाग_नवा: नमस्कार मंडळी. आतापर्यंत लोकल गाडी होती, आता लांबच्या लाईनवर आलोय. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगचा (ओतीव लोखंडी भागांचा) लोड संध्याकाळी ६ च्या सुमारास भरून होतो. भिवंडीच्या गोडाऊनला तिसऱ्या दिवशी सकाळी १० ला गाडी लावायची. अंतर साधारण ५०० किलोमीटर. क्लीनर आहे, दुसरा ड्रायव्हर नाही. कुठं थांबायचं, कधी झोपायचं, सांगा की.

घाट_उतार: आधी एक चूक काढून टाका. स्पीडोमीटर ७० दाखवतो म्हणून ५०० ला ७० नं भागू नका. भरलेल्या गाडीला टोल, घाट आणि गावाजवळची गर्दी धरून तासाला ४० च धरायचे. म्हणजे नुसतं स्टेअरिंग साडेबारा तास. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) मध्ये दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. एकट्यानं एका दमात जायची ही लाईनच नव्हे. दोन तुकडे करा, आणि झोपेची जागा आधी ठरवून मग बाकीचं बसवा.

पहिला तुकडा: ६ ला निघून संकेश्वरला थांबा. ५० एक किलोमीटरात माल बसतो आणि रस्सी, बेल्ट सैल पडतात. कास्टिंग जड असतं, ब्रेक मारला की पुढं सरकतं. तिथंच ताण परत द्या. १५ मिनिटं जातात, पण ती वाचवू नका. ९ च्या पुढंमागं कोल्हापूर, तिथं जेवण. मग साताऱ्याच्या आसपास पाऊणच्या सुमारास गाडी बंद. सलग ६ तास झोप.

दुसरा तुकडा: साडेसातला निघा. खंबाटकी, पुणे बायपास, मग बोरघाट. एक थांबा धरून दुपारी ३ ते ४ पर्यंत भिवंडीजवळ पोचता. बोरघाट उतरताना गिअर आधीच खाली घ्या आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) वापरा. वेळ भरून काढायची जागा उतार नाही. पाय सारखा ब्रेकवर राहिला की ड्रम तापतात आणि ब्रेक धरायचं सोडतात.

बिल्टीवाला: ई-वे बिलाचं (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाचं) बघा. २०० किलोमीटरला एक दिवस, वर उरलेल्या किलोमीटरलाही पूर्ण दिवस. ५०० ला ३ दिवस मिळतात. सोमवारी काढलं तर पहिला दिवस मंगळवारी रात्री १२ ला संपतो, म्हणजे बिल गुरुवारी रात्री १२ पर्यंत चालतं. गाडी बिघडून अडकलीच तर मुदत संपायच्या आधी ८ तास ते नंतर ८ तास एवढ्यातच वाढवून मिळते. लगेच ट्रान्सपोर्टला फोन करा, सकाळची वाट बघू नका. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नवा गाडी नंबर बिलात भरूनच हलायचं.

आणि वेळ रस्त्यावर कमी, गेटवर जास्त जातो. गोडाऊनला पोचलात की गेटवरच्या माणसाकडून बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) आत आल्याची वेळ आणि सही घ्या, फोटो काढा. हॉल्टिंगचे (गाडी अडकून राहिल्याचे) पैसे त्याच्यावरच मिळतात, तोंडी सांगून कोण देत नाही.

उद्यमबाग_नवा: उपयोगी पडलं, आभारी. लोड भरायला उशीर होऊन ९ वाजले तर? रात्रभर ओढायची का?

घाट_उतार: नाही. पहाटे २ ते ५ मध्ये अंगच झोप मागतं, चहानं ती थोडी पुढं सरकते, जात नाही. एखादा बोर्ड वाचलाच नाही असं वाटलं, गाडी पट्टी ओलांडायला लागली, की डोळा लागायला सुरुवात झालेली असते. ९ ला निघालात तर कोल्हापूरच्या पलीकडं पेठ नाक्यापर्यंत जा आणि १ ला झोपा. सकाळी ७ ला निघालात तरी संध्याकाळी ६ च्या आसपास पोचता. तिसऱ्या दिवसाचे १० चुकत नाहीत. मध्येच पेंग आली तर २० मिनिटांची डुलकी घ्या. तासभर झोपून उठलं की डोकं जड राहतं.

निपाणी_पट्टा: दोन गोष्टी भर घालतो. नोव्हेंबरपासून संकेश्वर, निपाणी, कागल पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा रिफ्लेक्टर नाही. त्या दिवसांत या टप्प्याला पाऊण तास जादा धरा, अंधारात कडेच्या लेनमध्ये वेग आवरा.

दुसरं, थांबायची जागा. मध्यरात्रीनंतर पंपावर, धाब्यावर गाडी शिरायला बऱ्याचदा जागा मिळत नाही आणि मग लोक हायवेच्या कडेला लावतात. मागून येणारा झोपेत असेल तर तुमचे टेल लाईट त्याला दिसत नाहीत. जागा आधीच ठरवून ठेवा, चोरी होऊ नये म्हणून डिझेल टाकी उजेडाकडं ठेवा. उठल्यावर इंजिन लावायच्या आधी टायर थंड आहेत तोवर हवा बघा, गरम टायर जास्त दाखवतो. एअर टँकचं (ब्रेकच्या हवेच्या टाकीचं) पाणी काढा, लाईट तपासा. डीईएफ (इंजिनाचा धूर साफ करणारं द्रावण) कमी असेल तर सातारा सोडायच्या आधीच भरा. ते संपलं की इंजिन ताकद तोडतं, आणि भरलेल्या गाडीला चढावर ते परवडत नाही.