एमबीएला अर्ज कधी करावा: सप्टेंबर, जानेवारी की पुढचं वर्ष?

निळी वही

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

एका औषध कंपनीत सप्लाय प्लॅनिंगमध्ये काम करते. ऑगस्टमध्ये चार वर्षं पूर्ण होतील. बाहेर जाऊन दोन वर्षांचा फुल-टाइम एमबीए करायचा, इतकं नक्की आहे. कधी, इथेच घोडं अडलंय. मेमध्ये जीमॅट ही प्रवेशपरीक्षा दिली, 645 आले. क्वांट, म्हणजे गणित, बरं गेलं; डेटा इनसाइट्सने, म्हणजे तक्ते-आलेखांवरच्या भागाने, घात केला. अर्ज राउंडनुसार घेतात. पहिल्या राउंडची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे हातात जेमतेम आठ आठवडे. दुसरा राउंड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.

नोव्हेंबरमध्ये माझं प्रमोशन व्हायची शक्यता आहे. झालं तर हाताखाली तीन जण येतील, आजवर एकही नव्हता. म्हणून वाटतं एक वर्ष थांबावं, अर्जासोबतच्या एसेमध्ये लिहायला काहीतरी हाती असेल. पण ज्या मॅनेजरनी मला पहिल्या दिवसापासून शिकवलं ते डिसेंबरअखेर कंपनी सोडताहेत. पुढच्या वर्षी शिफारसपत्र कोण देणार? नव्या माणसाला माझी ओळख सहा-आठ महिन्यांची असेल.

शिवाय वय. यंदा अर्ज केला तर शिकून बाहेर पडताना तीस, थांबले तर एकतीस. घरी कोणी काही म्हणत नाही, मीच रात्री मोजत बसते.

चौथा प्रहर

सप्टेंबर. पहिल्या राउंडला सगळ्या जागा मोकळ्या असतात, स्कॉलरशिपचे पैसेही. मनावर घेतलं तर आठ आठवडे पुरतात. तिसऱ्या राउंडच्या भरवशावर मात्र राहू नका. तोवर जागा थोड्या उरतात आणि व्हिसाला वेळ कमी पडतो. हार्वर्डला तर दोनच राउंड असतात.

दोन फेऱ्या

मी दोनदा अर्ज केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा केला तो सव्विसाव्या वर्षी, पहिल्याच राउंडला, चार ठिकाणी. लवकर केलेलं बरं, असं मलाही सांगितलं होतं. जीमॅटचा दुसरा प्रयत्न ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दिला आणि एसे शेवटच्या दहा रात्रींत लिहून काढले. चारपैकी एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. डिसेंबरमध्ये निकाल लागले तेव्हा दुसऱ्या राउंडला तीन आठवडे उरले होते, पण पुन्हा लिहायची ताकद माझ्यात उरली नव्हती. हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी एका वर्षात एकदाच अर्ज करता येतो. सप्टेंबरमध्ये घाईने पाठवलात की जानेवारीचं दारही बंद.

माझं काय चुकलं ते शिफारसपत्रावरून कळलं. बरीच कॉलेजं आता एकच सामायिक फॉर्म वापरतात. त्यात मॅनेजरला दोन मुख्य प्रश्न असतात. पहिला: अशाच जागेवर काम करणाऱ्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत हा माणूस कसा आहे, उदाहरणं देऊन सांगा. दुसरा: सुधारणेसाठी तुम्ही त्याला सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि त्याने त्यावर काय केलं? या दुसऱ्या प्रश्नापाशी माझ्या मॅनेजरनी मला फोन केला, "काय लिहू रे?" तेव्हाच मी थांबायला हवं होतं. दीड वर्ष शेजारी बसून काम केलं आणि त्यांना मला सांगितलेली एक गोष्ट आठवेना. कारण जिथे कोणी मला काही सांगावं असं अवघड काम मी कधी मागितलंच नव्हतं.

नंतर मागून घेतलं. ग्राहकांच्या तक्रारी चार खात्यांमध्ये फिरत राहायच्या, कोणी वाली नव्हता. पद तेच, पगार तोच, हाताखाली कोणी नाही. पहिले पाच महिने सगळं एकट्याने ओढलं. मग मॅनेजरनी एकदा दार लावून सांगितलं, "तू लोकांना काम देत नाहीस, नुसते निरोप देतोस." ते फार लागलं. पण त्यानंतर मी काम वाटायला शिकलो, आणि पुढच्या वेळी त्या प्रश्नासाठी त्यांना मला फोन करावा लागला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, दुसऱ्या राउंडला, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. त्यातलं एक पहिल्या खेपेला नाकारलेलं होतं. पुन्हा अर्ज करणाऱ्यांना तिथे एक छोटा एसे जास्त होता: मधल्या काळात काय बदललं? तो मी एका बैठकीत लिहिला.

म्हणून ताई, प्रमोशनसाठी थांबू नका. हाताखाली कोणी नसताना दुसऱ्या खात्याकडून काम करवून घेतलं असेल तर ते लिहा. तुमच्या मॅनेजरना आजच विचारा की तो दुसरा प्रश्न आला तर ते काय लिहितील. ते कंपनी सोडताहेत म्हणून काही बिघडत नाही. आधीच्या मॅनेजरचं पत्र चालतं, सध्याच्या मॅनेजरचं का नाही हे अर्जात दोन ओळींत सांगायचं. फक्त पत्राची लिंक ई-मेलवर जाते आणि कंपनीचा ई-मेल सोडल्या दिवशी बंद होतो, तेवढं सांभाळा.

आणखी एक. दोन वर्षांच्या कोर्सला वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी कन्सल्टिंग आणि बँकिंगच्या कंपन्या पहिल्याच सत्रात दारात उभ्या असतात. तिथे गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याला विचार करायला तीन महिनेही मिळत नाहीत. माझ्या वर्गातली हुशार मुलं यात भांबावलेली मी पाहिली आहेत.

उन्हाळी

वयाबद्दल मी सांगते. मी तेहतिसाव्या वर्षी गेले, एका वर्षाच्या कोर्सला. मोठ्या बी-स्कूलांमध्ये सरासरी अनुभव पाचेक वर्षांचा असतो. तुम्ही प्रवेश घ्याल तेव्हा तुमची तेवढीच होतील. उशीर कुठेच झालेला नाही.

पण 'दोन फेऱ्या' यांनी न सांगितलेली बाजू अशी की थांबायची सवय लागते. मी सलग सहा वर्षं "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. कधी प्रोजेक्ट, कधी बढती, कधी घरातलं आजारपण. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो. माझा एकदाही न वापरता बाद झाला आणि बत्तिसाव्या वर्षी पुन्हा अभ्यासाला बसले. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाहीत: एमबीए करून काय करायचंय? कधी जायचं ते यावरही अवलंबून आहे. मला क्षेत्र बदलायचं नव्हतं, म्हणून एक वर्ष पुरलं. इन्सियाड या फ्रान्समधल्या बी-स्कूलचा दहा महिन्यांचा कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतो. जानेवारीत सुरू करणाऱ्यांना मध्ये उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते, ऑगस्टवाल्यांना तशी सुट्टी नसते. ज्याला क्षेत्र बदलायचंय त्याला ही इंटर्नशिप फार महत्त्वाची. तुमचं काय?

निळी वही

हा प्रश्न वाचून काल दिवसभर अस्वस्थ होते. लिहून बघते.

कोणतं औषध कोणत्या महिन्यात कमी पडणार हे मला आकड्यांत तीन महिने आधी दिसतं. पण आहे तो साठा आधी कोणाकडे जाणार हे ज्या खोलीत ठरतं तिथे मी नसते. मी तक्ता पाठवते, निर्णय नंतर कळतो. मला त्या खोलीत बसायचंय, आणि एका कंपनीपुरतं नाही, जिथे देशोदेशीच्या सार्वजनिक आरोग्यासाठी औषधं खरेदी होतात तिथे. म्हणजे क्षेत्र बदलणं आलं. दोन वर्षांचाच कोर्स हवा.

दोन फेऱ्या

हा तुमचा एसे आहे. "मी तक्ता पाठवते, निर्णय नंतर कळतो" हे वाक्य कोणी कितीही सांगितलं तरी बदलू नका.

चौथा प्रहर

मी सप्टेंबर म्हटलं होतं, शब्द मागे घेतो. जानेवारी. जीमॅटच्या दोन प्रयत्नांमध्ये 16 दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये एक देऊन ऑक्टोबरमध्ये आणखी एक सहज बसतो. आताच्या जीमॅटमध्ये स्कोअर पाहून मगच तो पाठवायचा की नाही हे ठरवता येतं, तेव्हा भीती नको. डेटा इनसाइट्सला 45 मिनिटांत 20 प्रश्न असतात आणि एकूण स्कोअरमध्ये त्याचं वजन क्वांटइतकंच. सगळा अभ्यास तिकडे वळवा. एका प्रश्नाला चार-चार मिनिटं देत बसू नका, मी तिथेच मार खाल्ला होता.

निळी वही

चार दिवसांनी लिहिते आहे. सरांना विचारलं. मला वाटलं होतं त्यांनाही आठवणार नाही. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "दुसऱ्या वर्षी तुला सांगितलं होतं, तू चूक आधी दुरुस्त करतेस आणि मग आम्हाला सांगतेस. आधी सांगत जा." मी हे साफ विसरले होते. पण दर सोमवारच्या माझ्या अहवालात पहिली ओळ 'या आठवड्यात काय चुकलंय' अशी असते. ती कधीपासून आणि का लिहायला लागले, ते मला त्यांच्यासमोर बसल्यावर आठवलं.

लिंक ऑक्टोबरमध्ये पाठव, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लिहून देतो म्हणाले. स्वतःचा ई-मेलही दिला. तीन ठिकाणी अर्ज करते आहे, तिन्ही जानेवारीत. परीक्षेची 12 सप्टेंबरची तारीख घेतली आहे.