गढूळ आवाज हा रेकॉर्डचा दोष नाही

'देअर्स अ रायट गोइंग ऑन'चा आवाज गढूळ येतो, माझी प्रत खराब निघाली की काय, असं एकाने विचारलंय. अहो, प्रत ठीक आहे, परत करू नका! स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन फंक बँडचा हा १९७१चा अल्बम मुळातच तसा आहे. बँडचा प्रमुख स्लाय स्टोन याने त्याच टेपवर पुन्हा पुन्हा पुसून नवं मुद्रण चढवलं. त्यात टेप झिजली आणि आवाजाची वरची धार गेली. हेडफोन लावून ऐकलंत तर मागे सतत एक सुसकारा जाणवेल.

दुसरं म्हणजे ड्रमर ग्रेग एरिको तोवर बँड सोडून गेला होता, म्हणून स्लायने ऱ्हिदम मशीन, म्हणजे आपोआप ताल वाजवणारं यंत्र, लावलं. 'फॅमिली अफेअर'मध्ये ते कसं टिकटिकत राहतं बघा. त्यावर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो आणि स्लायचा झोपेतून उठल्यासारखा खालचा सूर. हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, याचं मला अजून नवल वाटतं.

शीर्षकगीत शोधत बसू नका. ते मुद्दाम रिकामं ठेवलंय; त्याची लांबी ०:०० छापलीय, ती छपाईची चूक नव्हे.

आणि शेवटचं गाणं ऐकण्याआधी बँडचं जुनं 'थँक यू' एकदा लावा. बँडच्या लॅरी ग्रॅहमचा तो तारांवर थाप देत वाजवलेला बेस गिटार, नुसती उसळी! इथे तेच गाणं सात मिनिटं पाय ओढत चालतं. मला तरी हेच जास्त आवडतं.