खारघरच्या फ्लॅटसाठी जुने सागवानी फर्निचर: घेताना नेमके काय तपासायचे?

सेक्टर_बारा:
खारघरला टू बीएचके आहे, पाचवा मजला, लिफ्ट सहा माणसांची. हॉल 16 बाय 10 फूट. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. प्लाय-सनमायक्याचे तयार सेट घ्यायचे नाहीत. एक जुने सागवानी कपाट, जेवणाचे टेबल आणि वेताच्या चार खुर्च्या हव्या आहेत. दिवे आणि बाकी शोभेच्या वस्तू जमेल तितक्या थेट कारागिरांकडून घ्यायच्या आहेत. चोरबाजार आणि जोगेश्वरीचे ओशिवरा मार्केट, दोन्हीकडे जायचा विचार आहे. सगळेच दुकानदार ‘बर्मा टीक, शंभर वर्षं जुनं’ म्हणतात. लाकूड ओळखायचे कसे? आपल्याकडच्या दमट हवेत कोणती जुनी वस्तू टिकते आणि कोणती घेऊच नये? दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवावेत?

रंधा_पटाशी:
आधी वाराचे सांगतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटची जुन्या सामानाची दुकाने शुक्रवारी बंद असतात. ओशिवऱ्याला खरे जुने आणि जुन्या धाटणीचे नवे शेजारी शेजारीच ठेवलेले असते. नवे वाईट असतेच असे नाही, पण ते नव्याच्या भावात मिळायला हवे.

कपाट समोरून बघू नका, मागून आणि खालून बघा. पॉलिश समोरच असते, तळाला आणि मागच्या फळ्यांना सहसा नसते. तिथे नखाने किंवा पटाशीच्या टोकाने जरासे खरवडा. सागवान आतून पिवळसर तपकिरी निघते, बोटाला किंचित तेलकट लागते आणि त्याला उग्र, चामड्यासारखा वास येतो. बर्मा सागाच्या रेषा सरळ असतात, सी.पी. सागाच्या (जुन्या मध्य प्रांतातल्या, म्हणजे आपल्याच देशातल्या) जास्त नागमोडी आणि गडद. शिसम जड असते आणि त्यात काळपट-जांभळ्या रेघा दिसतात. खरवडल्यावर आत पांढुरके लाकूड निघाले आणि रंग फक्त वरच्या कातडीपुरता असला, तर ते आंबा, रबरवूड किंवा तत्सम लाकूड रंगवलेले आहे.

दार उघडून त्याची कड बघा. कडेवर थर दिसले तर प्लाय. अखंड फळी असेल तर पुढच्या अंगाची रेषा कडेवरून मागच्या अंगाला जुळते, वरून चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याची जुळत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी कपाटांना चौकट सागवानी आणि मधली पॅनेल प्लायची असतात. तीही चांगली असतात, फक्त किंमत त्या हिशेबाने द्या.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सांधे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात पंख्याच्या आकाराचे दाते एकमेकांत बसवलेले असतील (सुतार त्याला डोव्हटेल म्हणतात) आणि दाते थोडे लहानमोठे असतील, तर हातकाम आहे. नुसते खिळे मारून जोडलेला ड्रॉवर आपल्याकडच्या दोन-तीन पावसाळ्यांत खिळखिळा होतो. खुर्चीचा एक पाय धरून उलट्या कोपऱ्याकडे दाबा. हलली तर सांध्यातला सरस सुटलाय. तो दुरुस्त होतो, पण सांधा उकलून, जुना सरस पूर्ण खरवडून, नवा लावून शिकंज्यात 24 तास ठेवला तरच. बाहेरून खिळा किंवा एल-पट्टी ठोकणारा सुतार त्या सांध्याची कायमची वाट लावतो, कारण लाकूड दर मोसमात फुगते-आटते आणि लोखंड तसेच राहते. आधीच एल-पट्ट्या ठोकलेली खुर्ची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. स्क्रूंकडेही बघा. स्टार खाचेचे असतील तर ती वस्तू नवी आहे किंवा कुणीतरी नंतर हात लावलेला आहे.

घ्यायची वेळ ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, घट्ट बसलेला ड्रॉवर डिसेंबरात आपोआप सैल होतो. जुलैत अडकतोय म्हणून रंधा मारलात तर हिवाळ्यात तो लोंबेल. तोवर कडांना मेणबत्ती घासा.

कपाट पश्चिमेच्या ओल्या भिंतीला लावूच नका. दुसऱ्या भिंतीलाही 2 इंच जागा सोडा आणि पायांखाली अर्ध्या इंचाचे नायलॉन किंवा रबराचे बूट घाला. रोज फरशी पुसताना पायाच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी वर चढते, पाय कुजतो तो त्यामुळे.

दुरुस्तीचे म्हणाल तर वस्तूच्या किमतीच्या किमान एक तृतीयांश वेगळे ठेवा. वेतकाम असेल तर निम्मे.

चपडी_स्पिरिट:
वरचे सगळे पटले. पॉलिशबद्दल एक भर. ओशिवऱ्याला वस्तू घेतली की दुकानदार ‘पॉलिश काढून नवीन पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) मारून देतो’ म्हणतो. सरसकट हो म्हणू नका. आधी कोणते पॉलिश आहे ते बघा. न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा थेंब लावा आणि मिनिटभर थांबा. चिकट झाले तर लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळले, तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाईन किंवा पीयू, म्हणजे कुणीतरी अलीकडे मारलेले.

लाखेचे असेल तर खरवडायची गरज बहुतेकदा पडत नाही. टर्पेंटाइनच्या फडक्याने जुने मेण आणि काळा मळ काढा. मग सुती कापडात कापूस गुंडाळून त्याची गादी करा, स्पिरिटने जेमतेम ओली करून हलक्या हाताने फिरवा. जुनी लाख विरघळून पुन्हा सपाट बसते, बारीक भेगा मिटतात. वर नवे हात द्यायचे तर 1 लिटर स्पिरिटला 200 ते 250 ग्रॅम चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे), रात्रभर भिजवून गाळून घ्यायची. हात पातळ हवेत आणि दोन हातांमध्ये निदान तासभर जावा. जाड हात मारला की वर कोरडे आणि आत मऊ राहते. लागेल तेवढेच बनवा, काही महिने पडून राहिलेले मिश्रण नीट वाळत नाही.

हे काम जून ते सप्टेंबर करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिशवर पांढरी साय येते. आलीच तर कोरड्या दिवशी स्पिरिटची जेमतेम ओली गादी फिरवून जाते.

जेवणाच्या टेबलाचे मात्र वेगळे. लाखेला गरम भांडे आणि पाणी दोन्ही सहन होत नाही, चहाच्या कपाचे वर्तुळ उठते. टेबलाचा फक्त वरचा पाट 120, मग 180, मग 220 च्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून त्यावर मॅट पीयू मारा. पाय आणि चौकट तशीच ठेवा.

जुना ऑइलपेंट असलेली वस्तू कोरडी घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे किती हे डोळ्यांनी कळत नाही. ओला पेपर वापरा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. जवसाचे तेल वापरलेली फडकी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

सेक्टर_बारा:
दोघांचेही आभार. ओशिवऱ्याला एक कपाट पसंत पडलंय, 36 इंच रुंद, 18 खोल, 78 उंच. ड्रॉवर डोव्हटेलचे आहेत. पण मागच्या फळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. दुकानदार म्हणतो जुनी आहेत, कीड मेलेली आहे. विश्वास ठेवावा का?

रंधा_पटाशी:
विश्वासाचा प्रश्नच नाही, तपासता येते. भोकं 1 ते 2 मिलिमीटरची गोल असतील तर तो लाकूड पोखरणारा भुंगा. वाळवीचे तसे नसते, ती मातीच्या नळ्या करते आणि आतून पोकळ करते. वाळवी दिसली तर वस्तू सोडून द्या. भुंग्याचे काम आटोक्यात येते.

फळीवर मुठीने ठोका. पिठासारखा पांढुरका भुसा पडला आणि भोकाची आतली कड स्वच्छ, उजळ असेल तर कीड चालू आहे. कड काळवंडलेली आणि भुसा नसेल तर बहुधा जुनी. खात्री करायची तर खाली काळा कागद घालून आठवडाभर ठेवायला सांगा.

भोकं कुठे आहेत हेही बघा. हा भुंगा सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात घुसतो, आतल्या पक्क्या गाभ्यात सहसा जात नाही. मागची फळी हलक्या लाकडाची असेल तर ती बदलून टाकणे सगळ्यात स्वस्त. चौकटीच्या उभ्या दांड्यांत भोकं असतील तर कपाट घेऊ नका.

उपचार असा. बाजारात लाकडाचे तयार कीडनाशक मिळते (टर्मिनेटर वगैरे), प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे. साध्या सिरिंजने एकेका भोकात सोडा, शेजारच्या भोकातून ओघळेपर्यंत. मग जिथे पॉलिश नाही अशा सगळ्या बाजूंना ब्रशने दोन हात. पॉलिशवरून मारलेले औषध आत शिरत नाही, म्हणून पुढच्या बाजूला फवारून उपयोग नाही. नंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार दिवस ठेवा. काम हवेशीर जागी, हातमोजे घालून, जवळ ज्योत नको. महिन्याभराने पुन्हा एकदा करा, कारण आतल्या अळ्या वर्षभरसुद्धा लाकडात राहतात. मग भोकं मेणाने बुजवा. पुढे एखादे नवे भोक पडले तर लगेच दिसते, बुजवण्याचा खरा फायदा तो. रॉकेल ओतून भागत नाही, ते उडून जाते.

हे सगळे दुकानात किंवा सुताराकडे होऊ द्या. चालू कीड घरात आणली की ती बाकीच्या लाकडात जाते.

वेत_विणकाम:
खुर्च्यांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून.

बैठकीच्या चौकटीला कडेने भोकांची रांग आहे की एक अखंड खाच, हे आधी बघा. भोकं असतील तर वेताची पट्टी एकेका भोकातून ओवून हाताने विणावी लागते, आणि ते काम करणारा माणूस शोधावा लागतो. खाच असेल तर तयार जाळीचा तुकडा बसतो. जाळी चारी बाजूंनी इंचभर जास्त कापून तासभर पाण्यात भिजवायची, खाचेत दाबून वर सरस आणि गोल वेताची काडी ठोकायची. ओली असताना फार ताणू नका. वाळताना ती स्वतःच आकसते, आणि आधीच ताणलेली असेल तर कडेला तुटते.

जाळी नुसती झोळ आली असेल, एकही पट्टी तुटलेली नसेल, तर बदलू नका. गरम पाण्यात भिजवलेले फडके खालच्या बाजूने अर्धा तास लावून ठेवा आणि सावलीत वाळू द्या. बरीच घट्ट होते. खालूनच का, तर वेताची चकचकीत साल वर असते आणि ती पाणी शोषत नाही.

‘वेत’ म्हणून प्लास्टिकही खपवतात. खालून पाण्याचा थेंब टाका. खरा वेत तो पितो.

नव्या वस्तूंसाठी बेलापूरचे सिडको अर्बन हाट बघा, तिथे कारागीर स्वतः बसलेले असतात. बांबूची वस्तू घेताना बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया केली आहे का, हे विचारा. बांबूत पिठूळ अंश असतो, प्रक्रिया नसेल तर वर्षभरात भुसा पडायला लागतो. सावंतवाडीची लाखकामाची रंगीत लाकडी वस्तू उन्हाच्या खिडकीत ठेवू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका.

नौपाडा_चौकट:
टेबलासाठी वेगळा रस्ता सुचवतो. ठाण्यात नौपाडा, चरई भागात जुन्या इमारती पाडून पुनर्विकास चालू आहे. त्यातली दारे, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. ते लाकूड घेऊन सुताराकडून टेबल करून घेतलेत तर माप तुमच्या हॉलचे मिळते. 10 फूट रुंदीच्या हॉलमध्ये 30 इंचापेक्षा रुंद टेबल घालू नका, मागे खुर्ची सरकायला 30 इंच तरी लागतात.

भाव घनफुटावर असतो. हिशेब: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. म्हणजे 6 फूट लांब, 4 बाय 3 इंचाची चौकट अर्धा घनफूट. वखारवाला बाहेरच्या मापाने मोजतो, त्यात खाचा, भोके, कुजलेली टोके सगळे येते. 25 ते 30 टक्के घट धरूनच माल घ्या. सुताराला आधी लोहचुंबक फिरवायला सांगा, आत तुटलेला खिळा राहिला तर रंधा मशीनचे पाते जाते आणि त्याचा खर्च तुमच्या माथी येतो.

टेबलाचा पाट खालच्या चौकटीला सरसाने चिकटवू देऊ नका. स्क्रूसाठी लांबट भोक ठेवून घ्या, म्हणजे पाट पावसाळ्यात पसरू शकतो. चिकटवला की एसीच्या खोलीत मधोमध तडा जातो.

दिव्यांचे थोडक्यात: जुनी पितळी किंवा काचेची हंडी घेतलीत तर आतली वायर आणि होल्डर दोन्ही फेकून द्या. 0.75 चौरस मिमीची नवी वायर, धातूच्या दिव्याला अर्थिंगची तिसरी तार, आणि आत एलईडीच.

आणि बिल घ्या. शंभर वर्षांपुढच्या कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. हस्तिदंताची नक्षी असलेली पेटी किंवा खुर्ची कितीही सुंदर असली तरी घेऊ नका, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

सेक्टर_बारा:
काळा कागद घालून ठेवायला सांगितलाय. मागची फळी हलक्या लाकडाचीच निघाली, ती बदलून घेईन. शेवटचा प्रश्न: हे 78 इंची कपाट लिफ्टमध्ये जाईल का?

रंधा_पटाशी:
सहा माणसांच्या लिफ्टचा दरवाजा साधारण 700 मिमी रुंद आणि 2000 मिमी उंच असतो, म्हणजे साडेसत्तावीस इंच बाय पावणेएकोणऐंशी. तुमचे कपाट 18 इंचाच्या बाजूने, उभेच, जेमतेम जाईल. पण तुमच्या लिफ्टचे माप स्वतः टेपने घ्या, उंबऱ्यापासून. कपाटाची वरची नक्षीची पट्टी आणि खालचा पाटा बहुतेक जुन्या कपाटांना सुटा असतो, विचारून काढून घ्या, तीन-चार इंच कमी होतात. दारे आणि ड्रॉवरही वेगळे न्या, बिजागऱ्यांचे स्क्रू ज्या भोकातले त्याच भोकात परत जातील अशा खुणा करून.

जिन्याने आडवे न्यायची वेळ आली तर खोलीत ते उभे करताना कर्ण लागतो, उंची नाही. 78 आणि 18 चा कर्ण 80 इंच. बेडरूममध्ये माळ्याखाली ठेवणार असाल आणि माळ्याचा तळ 7 फुटांवर असेल तर 4 इंच मोकळे राहतात, अडचण नाही. 80 बाय 24 चे कपाट असते तर कर्ण साडेत्र्याऐंशीवर जाऊन जेमतेम अर्धा इंच उरला असता, म्हणून ते आधी माळ्याबाहेर उभे करून मग आत सरकवावे लागले असते. टेम्पो ठरवण्याआधी सोसायटीत सामान चढवायची वेळही विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी रविवारी आणि दुपारी चढवू देत नाहीत.