ख्रिस बार्बरचा ट्रंबोन नेमका कुठे ऐकायचा?

तबकडी: मामाच्या जुन्या रेकॉर्डींमध्ये 'पेतित फ्लर' सापडली. नाव ब्रिटिश जॅझवादक ख्रिस बार्बरच्या बँडचं, बार्बर तर ट्रंबोन हे पितळी वाद्य वाजवणारे, आणि इथे नुसती क्लॅरिनेट! असं कसं? पुढे काय ऐकू?

रात्रपाळी: तुमचे कान बरोबर आहेत. ती क्लॅरिनेट बँडमधल्या माँटी सनशाइनची, मागे फक्त ताल धरणारी मंडळी. बार्बर त्यात वाजवतच नाहीत. १९५६ चं हे रेकॉर्डिंग १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर पोचलं. बँडची सर्वांत गाजलेली धून, आणि म्होरक्या गप्प! मला हा माणूस आवडतो तो याचसाठी.

१९५४ च्या 'न्यू ऑर्लिन्स जॉइज' या बार्बरच्या अल्बममधलं 'रॉक आयलंड लाइन' लावा. बँडमधला लॉनी डॉनेगन गातोय, बेरिल ब्रायडन कपडे घासायच्या फळीवर ताल देतेय, आणि डबल बेसवर खुद्द बार्बर. हे गाणं १९५६ मध्ये गाजलं आणि ब्रिटनभर पोरांनी गिटारी उचलल्या. लिव्हरपूलचा, पुढे बीटल्सवाला, जॉन लेननही त्यातलाच.

सुरपेटी: अहो, ट्रंबोनचं विचारलंय त्यांनी! बार्बरच्याच बँडचं 'आइस क्रीम' लावा. पोटभर ट्रंबोन आहे.

तबकडी: लावलं, मजा आली! ब्लूजशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताशी, बार्बरचा संबंध कसा?

रात्रपाळी: इथे मात्र मी थोडा तावातावाने बोलणार. ब्रिटिश ब्लूजचा इतिहास सांगताना लोक लंडनच्या ॲलेक्सिस कॉर्नर या ब्लूज गिटारवाल्यापासून सुरुवात करतात. पण त्याआधीच बार्बरनी सिस्टर रोझेटा थार्प, सॉनी टेरी, ब्राउनी मॅकगी या अमेरिकन कलाकारांना बोलावून आपल्या बँडसोबत गावोगाव फिरवलं होतं. १९५८ मध्ये शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स आले. साध्या गिटारवरच्या ब्लूजची सवय झालेले श्रोते त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारने दचकले. बार्बर नाही दचकले. कॉर्नर आणि त्याचा साथीदार सिरिल डेव्हिस यांनाही त्यांनी आपल्याच कार्यक्रमांत जागा दिली. लंडनचा मार्की क्लब उभा करण्यातही त्यांचा हात होता. रोलिंग स्टोन्सचा पहिला कार्यक्रम तिथलाच, १२ जुलै १९६२ चा.

आणि ओटिली पॅटरसनला विसरू नका. उत्तर आयर्लंडमधली ही बाई बँडची गायिका, पुढे बार्बरची बायको. शिकागोत स्मिटीज कॉर्नर या क्लबात मडी वॉटर्सच्या बँडबरोबर गायली आहे ती! बार्बर २०२१ मध्ये नव्वदीत गेले, ट्रंबोन खाली ठेवला तो २०१९ मध्ये. ऐकायला भरपूर आहे. तुम्ही ओटिलीपासून सुरुवात करा, आवाज जरा मोठा ठेवून.