मदत हवी आहे: वार (प्लासेंटा) खाली असताना रक्तस्राव झाला, ते रक्त बाळाचं असतं का?

माझ्या धाकट्या बहिणीला 31वा आठवडा चालू आहे. परवा पहाटे बाथरूमला उठली तर गाऊन मागून लालभडक. पोटात अजिबात दुखत नव्हतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून लगेच नेलं. सोनोग्राफीत वार गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली निघाली. आता रक्त थांबलंय, बीपी ठीक आहे, बाळाचे ठोके 140च्या आसपास आहेत. हिमोग्लोबिन 8.6 आहे. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिलीत.

रात्री मी तिच्याजवळ असते. पोटावर हात ठेवून ती एकच विचारते, "ताई, बाळाचं रक्त गेलं का गं?" डॉक्टर राउंडला येतात आणि दोन मिनिटांत जातात, विचारायचं राहूनच जातं. आईचं बीपी चांगलं म्हणजे बाळही सुखरूप असं धरायचं का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे. आधी बहिणीला हे सांगा: वार खाली असताना जातं ते बहुतेक वेळा आईचं रक्त असतं. दोघांचं रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही, वारेतल्या पातळ पडद्यातून बाळाला प्राणवायू मिळतो.

पण म्हणून बाळाला धोका नाही असं नाही. दिवस भरत येतात तेव्हा गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त लागतं. आईचं रक्त फार गेलं की तिचं शरीर आधी स्वतःचा मेंदू आणि हृदय सांभाळतं, गर्भपिशवीचा पुरवठा आटतो. गरोदरपणात रक्त 40 ते 50 टक्के वाढलेलं असल्यामुळे बरंच जाईपर्यंत बीपी पडत नाही. त्यामुळे नुसत्या बीपीवर विसंबू नका. बाळाचे ठोके आधी बिघडू शकतात, म्हणून आम्ही पट्टा लावून सारखे ठोके बघत बसतो. प्राणवायू कमी पडला तर बाळही आपलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, आतडी आणि हातपाय मागे पडतात. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, ते दिसतं.

एक मात्र नक्की विचारा: बाळाच्या रक्तवाहिन्या पिशवीच्या तोंडावरून जात नाहीत ना, हे कलर डॉपलरने पाहिलंय का? तसं असेल तर फुटल्यावर जाणारं रक्त बाळाचंच असतं. तीन किलोच्या बाळातही सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं, तिचं बाळ तर अजून लहान आहे. थोडं गेलं तरी जिवावर बेततं.

बोटांनी आतून तपासणी कुणालाही करू देऊ नका. परत लाल दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर राउंडची वाट न बघता बेल दाबा. आणि बहिणीचा रक्तगट कोणता? निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन 72 तासांच्या आत द्यावं लागतं; अशा रक्तस्रावात बाळाचं थोडं रक्त आईत गेलं तर तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून.

धागाकर्ती

ओ निगेटिव्ह! फाइल दोनदा चाळली, अँटी-डी कुठे लिहिलेलं दिसत नाही. परवा पहाटेपासून 60 तास होत आलेत. ड्युटीवरच्या डॉक्टरांकडेच निघालेय, डॉपलरचंही विचारते.