किचनचा नळ कुठला घेऊ?

ओट्याचं काम काढलंय, ग्रॅनाइट बसला, आता सिंकच्या नळावर गाडी अडलीय. दुकानदार तो ओढून लांब होणारा पुल-आउट गळ्यात मारतोय, आमच्याकडे बोरचं पाणी, घेऊ का?

— बोरचं असेल तर नको हो, क्षार धरून आमचा सहा महिन्यात फुरफुरायला लागला. पितळेचा साधा सिंक कॉक घ्या, फिरत्या तोंडाचा, आणि जाळी अधूनमधून काढून व्हिनेगरमध्ये बुडवा.

— टाकी किती वर आहे? प्रेशर नसेल तर पुल-आउटची नुसती धार गळते.

— नळाखाली कळशी मावते का ते बघा आधी!! आम्ही घरून कळशी घेऊन दुकानात गेलेलो, लोक हसले, हसू देत.

— थँक्स! टाकी अगदी डोक्यावरच आहे, फार उंच नाही, म्हणजे प्रेशर कमी आणि पुल-आउट कटाप. उद्या कळशी घेऊन जाते 😄