कुत्र्या-मांजरांना डिप्रेशनची गोळी द्यावी का?

टिपूची आई: आमचा कुत्रा टिपू एकटा राहिला की दार ओरबाडतो, आणि पुढचा पाय एकाच जागी चाटून चाटून पार सोलवटून काढलाय. डॉक्टरांनी फ्लुओक्झेटिन लिहून दिलंय, म्हणजे माणसांना डिप्रेशनवर देतात तेच. मला अजिबात पटत नाहीये हे. आपल्याला वेळ नाही म्हणून मुक्या जिवाला गुंगीत ठेवायचं का? फिरवा, खेळा त्याच्याशी, गोळी कशाला?

शेरूवाला: गुंगीचं औषध नाहीये हो ते. अमेरिकेत क्लोमिप्रामिन हे डिप्रेशनचंच दुसरं औषध १९९८ पासून आणि फ्लुओक्झेटिन २००७ पासून एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठीच मंजूर आहे आणि तेही ट्रेनिंगच्या जोडीनेच द्यायचं असतं. भीतीने लाळ गाळत दारावर धडका देणारं कुत्रं शिकणार काय, डोंबल? आधी भीती उतरायला हवी ना. फरक पडायला महिना-दीड महिना लागतो, लोक आठवड्यात म्हणतात काही उपयोग नाही आणि बंद करून मोकळे. तेही एकदम बंद नाही करायचं, हळूहळू कमी करायचं.

मनीमाऊ: वागण्याचं ठीक आहे, पण खाजेला सरसकट हे दिलं की माझं डोकं फिरतं. २००६ च्या एका अभ्यासात अंगावरचे केस चाटून काढणाऱ्या २१ मांजरी होत्या, सगळ्यांना टेन्शनमुळे होतंय असं धरलेलं. नीट तपासलं तर १६ जणींना शारीरिकच कारण निघालं, बऱ्याच जणींना ॲलर्जी, आणि निव्वळ मानसिक फक्त २! म्हणजे बाकीच्या बिचाऱ्या खाजेने हैराण आणि आपण म्हणणार स्वभावच तसा.

शेरूवाला: तपासणी आधी, हे शंभर टक्के मान्य. पण डॉक्सेपिन, ॲमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनची जुनी औषधं हिस्टामिन म्हणजे अंगात खाज आणणारं रसायनही अडवतात, म्हणून खाजेवर वापरली गेली, उगाच नाही. आणि कुत्र्याचं पाय चाटणं कधीकधी खाजेने सुरू होतं, मग खाज गेली तरी सवय सुटत नाही. तिथे गोळीचा उपयोग होतो.

मनीमाऊ: कधीकधी! गोचीड, पिसवा, बुरशी, सांधेदुखी हे सगळं बघून झाल्यावर. टिपूची त्वचा खरवडून तपासली का कुणी? आणि गळ्यात गोचिडीचा पट्टा असेल तर त्यात अमिट्राझ आहे का बघा, या गोळ्यांसोबत ते चालत नाही, सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन फार वाढून जिवावर बेतू शकतं.

टिपूची आई: त्वचा नाही तपासली कुणीच. पट्टा आहे, त्यावर अमिट्राझच लिहिलंय, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गोळी सुरू केलेली नाही अजून. आधी पायाची तपासणी करून घेते, गोळीचं मग बघू.